नव्या माणसाच्या हाती बाटली देण्याआधी: प्रयोगशाळेतली रसायनं सुरक्षित कशी हाताळायची, पायरी-पायरीने

दिघा, रबाळे, महापे, तुर्भे असा ठाणे-बेलापूर रस्त्याला धरून नवी मुंबईचा टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा पसरला आहे. त्यात कारखान्यांच्या जोडीला संशोधनाच्या लहान-मोठ्या प्रयोगशाळाही बऱ्याच आहेत. वाशी, नेरूळ, ऐरोली, ठाण्याच्या कॉलेजांत एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे प्रकल्प चालतात. पावसाळ्याच्या तोंडावर या सगळ्या ठिकाणी नवी मुलं-मुली रुजू होतात. त्यांचं सुरक्षा प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने उरकलं जातं: अर्ध्या दिवसाचं स्लाइड दाखवून केलेलं व्याख्यान, चहा आणि हजेरीपटावर सही. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या हातात टेट्राहायड्रोफ्युरान या सहज पेटणाऱ्या द्रावकाची (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाची) अडीच लिटरची बाटली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रशिक्षण सभागृहात पुरं होत नाही, ते त्या मुलाच्या स्वतःच्या टेबलापाशी, तो वापरणार असलेल्या रसायनावर व्हायला हवं. त्याची कसोटीही साधी आहे. हातातल्या बाटलीबद्दल त्याला चार प्रश्नांची उत्तरं न अडखळता देता आली पाहिजेत: हे मला किंवा खोलीला काय करू शकतं? हे कशाशी एकत्र येता कामा नये? सांडलं तर पहिल्या मिनिटात मी काय करणार? उरलेलं कुठे जाणार? ही उत्तरं येईपर्यंत बाटली त्याच्या हाती द्यायची नाही. खालच्या पायऱ्या त्यासाठी लागणारी तयारी सांगतात, आणि तिची सुरुवात प्रशिक्षणाच्या बऱ्याच आधी, कपाटातून होते.

पहिली पायरी: कपाटात काय आहे ते आधी कळू द्या

घरात काय आहे ते ठाऊक नसताना पाहुण्याला काय शिकवणार? म्हणून नवी तुकडी येण्याआधी रसायनांची यादी करा. हे काम दोघांनी मिळून करायचं, एकाने लेबल वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. एक्सेलमध्ये एवढे रकाने पुरतात: नाव, कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक), शिल्लक मात्रा, कंपनी, आल्याची तारीख, उघडल्याची तारीख, जागा. कॅस क्रमांक टाळू नका, कारण एकाच रसायनाला तीन-तीन नावं असतात आणि घोटाळे तिथेच होतात.

आपल्याकडच्या दमट हवेत लेबलांचा गोंद सुटतो, शाई पसरते, बुरशी धरते. पावसाळ्यात एकदा कपाटं उघडून पाहिलीत तर दोन-चार बाटल्या बिननावाच्या सापडतातच. नवं लेबल पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या मार्करने लिहा आणि त्यावर पारदर्शक टेप गुंडाळा. बिननावाच्या बाटलीत काय असेल याचा वास घेऊन अंदाज बांधायचा नाही. ती ‘अज्ञात’ म्हणून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायची आणि कचऱ्याच्या वाटेला लावायची.

यादी करताना दोन गोष्टींपाशी हात थांबलाच पाहिजे. पहिली म्हणजे जुना ईथर. डायएथिल ईथर, डायआयसोप्रोपिल ईथर, टेट्राहायड्रोफ्युरान, डायऑक्सेन यांसारखे द्रावक हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावून पेरॉक्साइड तयार करतात. ते झटक्याने, उष्णतेने किंवा नुसतं झाकण फिरवताना होणाऱ्या घर्षणानेही फुटू शकतात. म्हणून अशा बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची अशा दोन्ही तारखा हव्यात. उघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत पेरॉक्साइड पट्टीने तपासणी करा किंवा बाटली निकालात काढा. डायआयसोप्रोपिल ईथरला मुदत आणखी कमी, तीन महिनेच. हे द्रावक ऊर्ध्वपातित करताना, म्हणजे उकळून वाफ थंड करून शुद्ध करताना, फ्लास्क कधीही कोरडा पडू देऊ नका.

दुसरी गोष्ट पिक्रिक आम्ल. जीवशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळांत ऊती रंगवण्यासाठी आणलेली ही पिवळी बाटली वर्षानुवर्षं मागच्या रांगेत पडून राहते. ओली असेपर्यंत ती तुलनेने शांत असते. पाणी उडून गेलं की ती स्फोटक होते. ईथरच्या बाटलीत पांढरे स्फटिक दिसले किंवा पिक्रिक आम्ल कोरडं दिसलं, तर बाटली उचलू नका, झाकणाला हात लावू नका, शेल्फही हलवू नका. खोली रिकामी करून कुलूप लावा आणि प्रमुखांना कळवा. पुढचं काम तज्ज्ञांचं आहे. गरज पडली तर पोलिसांमार्फत बॉम्बनाशक पथकही बोलावता येतं. एवढ्याशा बाटलीसाठी पथक बोलवायला संकोच वाटतो, पण तो संकोच बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: सेफ्टी डेटा शीट वाचायला शिकवा

प्रत्येक रसायनासोबत मिळणाऱ्या सेफ्टी डेटा शीटचे, म्हणजे सुरक्षा-माहितीपत्रकाचे, सोळा विभाग असतात. नवख्याला सोळाच्या सोळा वाचायला सांगितलं तर तो एकही नीट वाचत नाही. क्रम असा लावून द्या: आधी दुसरा विभाग, म्हणजे धोका कोणता. मग आठवा, कोणते हातमोजे, चष्मा आणि वायुवीजन लागेल. मग दहावा, कशाशी जमत नाही. मग चौथा आणि सहावा, अपघात झाला किंवा सांडलं तर काय. शेवटी तेरावा, विल्हेवाट. वर सांगितलेले चार प्रश्न या सहा विभागांतूनच सुटतात.

बाटलीवरची लाल चौकटीतली नऊ चिन्हं पाठ असायलाच हवीत. ज्वाला आणि वर्तुळावरची ज्वाला यांत मुलं हमखास गोंधळतात. पहिलं चिन्ह ‘हे स्वतः पेटतं’ असं सांगतं आणि दुसरं ‘हे दुसऱ्याला पेटायला मदत करतं’ असं. ही दोन चिन्हं एका शेल्फवर दिसता कामा नयेत, एवढं सांगितलं की फरक डोक्यात बसतो.

तिसरी पायरी: मुळाक्षरांप्रमाणे मांडलेलं कपाट मोडा

ए पासून झेडपर्यंत लावलेलं कपाट दिसायला नीटनेटकं असतं, पण त्या क्रमाने एकमेकांच्या वैरी असलेल्या बाटल्या शेजारी येतात. मांडणी स्वभावाप्रमाणे करायची. ज्वलनशील द्रावक धातूच्या कपाटात, खनिज आम्लं वेगळी, अल्कली वेगळे, ऑक्सिडायझर (दुसऱ्याला पेटायला मदत करणारे) वेगळे, पाण्याशी पेटणारे वेगळे आणि अतिविषारी कुलपात.

नायट्रिक आम्लाला स्वतंत्र जागाच द्या. ‘आम्लांचं कपाट’ म्हणून त्याच्या शेजारी ग्लेशियल असेटिक आम्ल ठेवलेलं सर्रास दिसतं. असेटिक हे सेंद्रिय आणि ज्वलनशील आहे, तर नायट्रिक हे जबरदस्त ऑक्सिडायझर. दोन्ही बाटल्या एकदम फुटल्या तर आग लागू शकते. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एका कपाटात ठेवलं तर काही दिवसांत सगळ्या बाटल्यांवर पांढरी पूड जमते. ब्लीच आम्लापासून दूर ठेवा, नाहीतर क्लोरीन वायू सुटतो. सायनाइड आणि अझाइड दोन्ही आम्लापासून दूर ठेवायचे. सोडियम अझाइड बेसिनमध्ये कधीही ओतू नये, नळकामातल्या शिसं-तांब्याशी त्याचे स्फोटक क्षार बनतात. सोडियम धातू आणि डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म यांची गाठ कधीच पडू देऊ नका.

प्रत्येक गटाखाली काठ असलेला प्लास्टिक ट्रे ठेवा. द्रवांच्या बाटल्या डोळ्यांच्या पातळीच्या वर नकोत. पाण्याशी पेटणारी रसायनं अगदी खालच्या फळीवर नकोत. २६ जुलै २००५ च्या पावसात ज्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं त्यांना यामागचं कारण सांगावं लागत नाही. आणि घरगुती फ्रिज! त्यातला दिवा आणि थर्मोस्टॅट ठिणगी पाडू शकतात. डायएथिल ईथरचा फ्लॅश पॉइंट (ठिणगी मिळाली तर वाफ पेटू शकेल असं किमान तापमान) उणे ४५ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे फ्रिजच्या थंडीतही त्याची वाफ पेटण्याजोगी असते. ज्वलनशील पदार्थांसाठी खास बनवलेला फ्रिज नसेल तर द्रावक फ्रिजमध्ये ठेवूच नका. डबा आणि पाण्याची बाटली तर त्यात मुळीच नको.

चौथी पायरी: प्रत्यक्ष प्रशिक्षण, टेबलापाशी

पहिला दिवस चालण्याचा. नव्या माणसाला घेऊन प्रयोगशाळेत फिरा आणि प्रत्येक गोष्टीला त्याला स्वतः हात लावू द्या: आयवॉश (डोळे धुण्याचा फवारा), शॉवर, अग्निशामक, विजेचा मुख्य स्विच, गॅसचा कॉक, दोन्ही दारं. त्याच्या टेबलापासून आयवॉश दहा सेकंदांत गाठता यायला हवा. डोळे मिटून एकदा चालायला लावा. मध्ये ठेवलेली खुर्ची आणि खोकी तेव्हाच आडवी येतात.

आयवॉश आणि शॉवर आठवड्यातून एकदा सोडलेच पाहिजेत. न वापरलेल्या नळीत गंज आणि घाण साचते. शिवाय एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी इतकं तापलेलं असतं की डोळ्यांत घेऊन पंधरा मिनिटं धुणं अशक्य होतं. ही नळी सावलीतून, शक्य तर आतल्या टाकीवरून घ्यायची व्यवस्था करा.

दुसरा दिवस हातमोज्यांचा. नायट्राइलचे निळे मोजे म्हणजे कवच अशी समजूत पक्की असते. डायक्लोरोमिथेन त्यांतून दोन-चार मिनिटांत आरपार जातं, आणि असेटोनपुढेही ते फार तग धरत नाहीत. हे सांगण्यापेक्षा दाखवा: कापलेल्या मोज्याच्या बोटात, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या पेटीत), थोडं डायक्लोरोमिथेन भरून लटकवा आणि काय होतं ते मुलांना पाहू द्या. मोजे काढायचा सराव रंगीत पाण्याने घ्या. पालथे करत काढताना मनगटावर रंगाचा ठिपका आला की चूक आपोआप कळते. मोजे घातलेल्या हाताने मोबाइल, दाराची मूठ आणि लिफ्टचं बटण यांना शिवायचं नाही.

हातमोज्यांचा विषय निघाला की अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांची हकिगत मी सांगतेच. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे थोडे थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या मोज्यावर पडले. त्या फ्यूम हूडमध्ये, तेव्हाच्या रीतीप्रमाणे काळजी घेऊनच काम करत होत्या. तो पदार्थ लॅटेक्समधून काही सेकंदांत आत गेला, लक्षणं महिन्यांनंतर दिसली आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मोजा ‘घातला आहे का’ या प्रश्नाइतकाच ‘कोणता घातला आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा, हे त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांना कळलं.

अंगावर सुती कपडे आणि सुती लॅब कोट हवा. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तेवीस वर्षांची एक संशोधन सहायक टर्ट-ब्यूटिल लिथियम प्लास्टिकच्या सिरिंजने ओढत होती. दट्ट्या निसटला आणि हवेत येताच पेट घेणारा तो द्रव तिच्या अंगावर उडाला. अंगात लॅब कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. आपल्याकडे उकाड्यामुळे कोट खुर्चीवर टाकून काम करण्याची सवय आहे. त्यावर ओरडण्यापेक्षा खोलीतलं वायुवीजन सुधारा, म्हणजे कोट अंगावर राहील. ओढणी, मोकळे केस आणि उघड्या चपला यांना दारातच थांबवा.

फ्यूम हूडसाठी तीन नियम पुरेत: काम काठापासून १५ सेंटिमीटर आत, सॅश (पुढची सरकती काच) खुणेइतकीच वर आणि हूडचं गोदाम करायचं नाही. सुरू करण्याआधी काठाला टिश्यूची पट्टी धरून ती आत ओढली जाते का ते पाहा.

पाचवी पायरी: प्रयोगाआधी एक पान

प्रत्येक नव्या अभिक्रियेआधी मुलाने एक पान लिहायचं आणि वरिष्ठाने त्यावर बोलून मगच सही करायची. कोणती रसायनं, किती, सर्वांत वाईट काय घडू शकतं, ते टाळायला काय केलं आहे आणि तरीही घडलं तर काय. त्यात दोन प्रश्न हमखास घाला.

पहिला प्रश्न मात्रेचा. एक ग्रॅमवर शांतपणे झालेली अभिक्रिया वीस ग्रॅमवर तशीच वागेल असं नाही. उष्णता आकारमानाप्रमाणे वाढते, पण ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट करताना १०० मिलिग्रॅमची मर्यादा ठरलेली असूनही सुमारे १० ग्रॅम पदार्थ तयार केला गेला. तो खलताना स्फोट झाला आणि विद्यार्थ्याची तीन बोटं गेली. मात्रा तिपटीहून वाढवायची तर पान नव्याने लिहायचं, असा नियम करा.

दुसरा प्रश्न: वीज किंवा पाणी गेलं तर? रिफ्लक्स (द्रावक उकळत ठेवून वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणणं) चालू असताना वीज गेली की हूडचा पंखा थांबतो, पण तेलाचा बाथ गरमच राहतो. टाकीतलं पाणी संपलं की वाफ थंड करणारा कंडेन्सर कोरडा पडतो आणि ईथरची वाफ थेट खोलीत येते. बाथ लॅब-जॅकवर (वर-खाली करता येणाऱ्या स्टँडवर) ठेवा म्हणजे एका हाताने खाली घेता येईल. रात्रभर चालणाऱ्या अभिक्रियेवर काय आहे, कोणाची आहे आणि वीज गेली तर काय करायचं याची चिठ्ठी लावा. एकट्याने रात्री धोक्याचं काम करायचं नाही, आणि ही गोष्ट गाइडनेच स्पष्ट सांगायला हवी. शोधनिबंधाची घाई झाली की मुलं नाही म्हणू शकत नाहीत.

सहावी पायरी: उरलेल्याचं काय

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. बेसिनमध्ये ओतलेलं कुठेतरी जातंच. आपल्याकडे शेवटी खाडी आहे, आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या यादीत आहे.

कचऱ्याचे किमान पाच भाग करा: हॅलोजनयुक्त (क्लोरीन, ब्रोमीन यांसारखी मूलद्रव्यं असलेले) द्रावक, हॅलोजनरहित द्रावक, जलीय आम्ल, जलीय अल्कली, जड धातू. पहिला थेंब टाकतानाच बाटलीवर चिठ्ठी लागली पाहिजे आणि प्रत्येक भर तिच्यावर लिहिली गेली पाहिजे. बाटली चार-पंचमांशापेक्षा जास्त भरू नका. वायू सुटण्याचा संभव असेल तर हवा सोडणारं झाकण वापरा. काचेची भांडी धुतलेलं नायट्रिक आम्ल आणि असेटोन किंवा इथेनॉल एका बाटलीत गेलं, तर काही वेळ काहीच होत नाही, मग आतला दाब वाढत जातो आणि सगळे घरी गेल्यावर बाटली फुटते. सिल्व्हर मिररचा (काचेवर चांदीचा थर चढवण्याचा) प्रयोग करणाऱ्या कॉलेजांनी त्यासाठीचा टॉलेन्स अभिकारक लागेल तेवढाच बनवावा आणि त्याच तासाला आम्ल घालून निष्क्रिय करावा. ठेवून दिला तर त्यात स्फोटक चांदीची संयुगं तयार होतात.

धोकादायक व इतर कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नसतो. भांड्यावर नमुना ८ चं लेबल आणि वाहतुकीसोबत नमुना १० चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे जातो त्याचा कागद) लागतं. कचरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या केंद्राकडेच जायला हवा. आपल्या भागासाठी तसं केंद्र तळोज्यात आहे. भंगारवाल्याला रिकाम्या बाटल्या द्यायच्या तर तीनदा धुऊन, लेबल काढून. अतिविषारी रसायनांच्या बाटल्या तर द्यायच्याच नाहीत.

आणि सफाईच्या मावशी. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव नसतं, पण सकाळी सगळ्यांच्या आधी खोलीत त्याच शिरतात. त्यांना वेगळं बसवा, मराठीत किंवा हिंदीत, चिन्हं दाखवून सांगा.

“मावशी, ही पिवळ्या झाकणाची बादली तुमची नाही. भरून वाहत असली तरी हात लावायचा नाही.”

“मग कचरा राहिला म्हणून मलाच बोलणी बसतील.”

“नाही बसणार. तुम्ही फक्त मला फोन करायचा.”

हे आश्वासन त्यांच्या मुकादमासमोर द्या, म्हणजे ते पाळलं जाईल. फुटलेली काच नेहमीच्या पिशवीत टाकायची नाही. तिच्यासाठी वेगळं जाड खोकं ठेवा.

सातवी पायरी: गॅस सिलिंडर

साखळीने भिंतीला बांधलेला, न वापरताना टोपी लावलेला, हलवताना ट्रॉलीवर. रंगावर विसंबू नका, लेबल वाचा. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. द्रव नायट्रोजन छोट्या बंद खोलीत ठेवत असाल तर लक्षात घ्या, एका लिटरपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि ऑक्सिजन कमी झाल्याचं माणसाला जाणवत नाही. त्याच्यासोबत लिफ्टमध्ये बसून जायचं नाही.

आठवी पायरी: अपघाताची तालीम

कागदावरची आणीबाणी योजना कोणाला आठवत नाही, अंगवळणी पडलेली हालचाल आठवते. म्हणून चार प्रसंगांची तालीम घ्या. डोळ्यांत उडालं: पापण्या बोटांनी उघड्या धरून पंधरा मिनिटं पाणी, सोबत दुसऱ्याने उभं राहायचं, कारण वेदनेने माणूस मध्येच थांबतो. अंगावर सांडलं: कपडे लगेच काढायचे आणि शॉवरखाली उभं राहायचं. इथे लाज आडवी येते, म्हणून पडदा आणि चादर तिथेच टांगून ठेवा. त्वचेवरच्या आम्लावर अल्कली ओतून ते ‘मारायला’ जाऊ नका. कपड्यांनी पेट घेतला: पळायचं नाही, शॉवर जवळ असेल तर त्याखाली, नाहीतर जमिनीवर लोळायचं. सांडलेलं आम्ल: सोडा बायकार्ब आणि वाळू. नायट्रिकवर लाकडाचा भुसा टाकू नका, तो पेटू शकतो. सोडियम किंवा लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडच्या आगीवर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही चालत नाहीत, कोरडी वाळू बादलीत हाताशी हवी.

हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरत असाल तर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आधी विकत घ्या, मगच आम्लाची बाटली मागवा. सौम्य आम्लाने सुरुवातीला दुखतही नाही, पण ते हाडापर्यंत पोचतं. न दुखताही रुग्णालयात जायचं.

दारामागे मोठ्या अक्षरांत लिहा: ११२, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे. तुमच्या जागेपासून भाजलेल्या रुग्णाला कुठे न्यायचं, हे आधी विचारून, फोन क्रमांकासह लिहून ठेवा. रुग्णासोबत सेफ्टी डेटा शीटची छापील प्रत गेलीच पाहिजे, कारण डॉक्टरांना ‘काहीतरी केमिकल’ एवढ्यावर उपचार ठरवता येत नाहीत. गेटवरच्या वॉचमनकडे खोलीची किल्ली आणि आत काय साठवलं आहे त्याचं एक पान हवं.

नववी पायरी: जाणाऱ्याच्या बाटल्या

प्रशिक्षण पहिल्या आठवड्यात संपत नाही. प्रकल्प किंवा रसायन बदललं की चार प्रश्न पुन्हा विचारायचे. थोडक्यात टळलेल्या घटना एका वहीत, कोणाचंही नाव न घालता लिहायच्या आणि आठवड्याच्या बैठकीत दहा मिनिटं त्यांच्यावर बोलायचं. नाव लिहिलं की पुढच्या वेळी कोणी सांगत नाही.

सर्वांत सुटून जाणारा प्रसंग म्हणजे विद्यार्थी प्रबंध देऊन निघून जातो तो. त्याच्या ड्रॉवरमध्ये ‘आरके-३-४७’ अशी खूण केलेल्या कुप्या राहतात. त्यांत काय आहे हे जगात फक्त त्यालाच माहीत असतं, आणि तो आता पुण्याला किंवा जर्मनीला असतो. म्हणून नो-ड्यूज फॉर्मवर ग्रंथालय आणि वसतिगृहाच्या खाली एक ओळ वाढवा: टेबल, फ्रिज आणि हूड रिकामे, प्रत्येक कुपी यादीत चढवली किंवा कचऱ्यात दिली. त्या ओळीवर प्रयोगशाळेच्या जबाबदार माणसाने ड्रॉवर स्वतः उघडून पाहिल्यावरच सही करायची.